एका भेटीचं तिकीट

बिनदोऱ्याच्या शिलाई मशीनवर कागद शिवून घेणारा मास्तर आमच्या भागात माझ्याआधी कुणी झाला नसावा, आणि ही हकीकत ऐकल्यावर पुढंही कुणी होईल असं वाटत नाही. पुंजाजी शिंप्यानं तेव्हाच विचारलं होतं, "मास्तर, दोरा नाही, कापड नाही, मंग आपण शिवून काय राह्यलो?"

"तिकीट," मी म्हणालो.

पुंजाजीचे पाय थांबले. ताप आहे का पाहतात तसं त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं. मग त्याला समजावून द्यावं लागलं, की टपालाच्या तिकिटाची कड दातेरी असते, ती कात्रीनं होत नाही. सुईनं ओळीनं भोकं पाडून फाडली तरच होते. हे त्याला पटलं. मात्र कागदानं सुई बोथट होते हेही त्याला त्याच दिवशी कळलं, आणि पुढं कित्येक दिवस गावात कुणाचा परकर तिरका शिवला गेला की खापर माझ्या तिकिटावर फुटत राहिलं.

तर झालं होतं असं, की संक्रांतीला माझ्या बहिणीला, कोकिळेला, शुभेच्छेचं कार्ड धाडायचं मी मनावर घेतलं होतं. आमचं गाव देऊळगाव राजाच्या अलीकडचं, जिल्ह्याच्या दक्षिण काठावर. कोकिळा दिली सोनाळ्याला, पार वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. जिल्हा एकच, पण लुगड्याचा हा काठ आणि तो पदर. महाराष्ट्र राज्य नवं होतं, शाळेत नवा नकाशा आला होता. एकदा माय मला जेवायला बोलवायला शाळेत आली तेव्हा मी तिला नकाशावर दोन्ही गावं दाखवली. तिनं एकावर अंगठा ठेवला, दुसऱ्यावर करंगळी, आणि मधल्या बोटभर जागेकडं बघत म्हणाली, "एवढुशा वाटेले कापूस आडवा येते?"

कापूस यायचा खरा. दर पौषात मी सोनाळ्याला पत्र टाकायचो, की संक्रांतीला कोकिळेला पाठवा. दर पौषात तिचे सासरे उकंडराव यांचं उलट टपाली उत्तर यायचं, की कापूस घरात येऊ द्या, मग पाहू. कापसामागून तूर यायची, तुरीमागून हरभरा. लग्नानंतर कोकिळा एकाही संक्रांतीला घरी आली नव्हती. भोगीच्या दिवशी माय संध्याकाळच्या एसटीच्या वेळी ओट्यावर बसायची. गाडी थांबायची, कुणीतरी उतरायचं, ते दुसऱ्याचं निघायचं. मग माय दिवा लावताना स्वतःशीच म्हणायची,

यष्टी आली यष्टी गेली, धुरळा तो ओट्यावरी,
लेक माही उतरंना, तीळ सारे शिळे घरी.

ती ओवी ऐकून मला वाटलं, साध्या पत्रात जोर कमी पडतोय. पत्र असं पाहिजे की वाचणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे. (हात पुढं थरथरले, ते मी नाकारत नाही.)

बुलडाण्याच्या दुकानात छापील कार्डं मिळायची. त्यांवर गुलाब, बदक, नाहीतर पिवळ्या केसांचं एखादं बाळ असायचं. बहिणीला बदक कशाला धाडायचं? शाळेत चित्रकला शिकवायला दुसरं कुणी नसल्यामुळं ती मीच शिकवत असे, आणि एखादी गोष्ट शिकवत असलो म्हणजे ती आपल्याला येते अशी मास्तर माणसाची समजूत असते. मी कागद जमवले. शाळेतला घोटीव कागद, फाटलेल्या पतंगाचा झिरझिरीत लाल तुकडा, चहाच्या पुड्यातली चांदी, जुन्या चोपडीच्या पुठ्ठ्यावरचा लाटालाटांचा अबरी कागद, आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेली हिरवी बेगड. माझी बायको सिंधू पिठाची खळ शिजवता शिजवता एवढंच म्हणाली, "कागदाले एवढं नटवून राह्यले, त्यापरीस तुम्हीच जाऊन आले असते."

शाळा तपासणीचे दिवस आहेत, रजा कोण देतो, वगैरे मी तिला सांगितलं. ती खळ ढवळत राहिली. बायकांना कलेचं मर्म समजावणं कठीण असतं, असं मला त्या वेळी वाटत असे.

पहिलं कार्ड भिंतीवर वाळत घातलं होतं, ते शेजारच्या झुंबरबाईच्या शेळीनं खाल्लं. पीठ लावलेला कागद म्हणजे तिला सणाचा घास. झुंबरबाई तातडीनं आली. मला वाटलं, वाईट वाटून आली असेल. ती विचारायला आली होती, की बेगड शेळीला बाधत तर नाही ना, आणि बाधली तर त्याचं काय. दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या शेळीची तब्येत विचारायला जात होतो. शेळीला काही झालं नाही, उलट ती मला पाहिलं की प्रेमानं ओरडू लागली.

दुसऱ्या कार्डाला खळ नको म्हणून बाभळीचा डिंक घेतला. तो मायनं लाडवांसाठी निवडून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं. तिला कळल्यावर ती रागावेल असं वाटलं, पण डिंक कोकिळेच्याच कामी लागतोय हे ऐकून ती म्हणाली, "लाडू नाही तं नाही, चिकटून तं येईन."

कार्ड सुरेख झालं. अबरीच्या लाटांवर लाल पतंग, खाली चांदीची नदी, काठाला हिरवी बेगड. आत लिहिलं: "तिळगूळ घे, गोड बोल. माय वाट पाहते. यंदा तरी ये." पण खरी कारागिरी मागं, पत्त्याच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात होती. तिथं मी आमचं स्वतःचं तिकीट लावलं. सरकारच्या तिकिटावर धरणं असतात, आगगाड्या असतात, मोठी माणसं असतात. आमच्या तिकिटावर आमचा ओटा होता, दाराशी कडुनिंब होता, आणि डोळ्यांवर हाताचं छप्पर धरून वाटेकडं बघणारी माय होती. बोटाच्या पेराएवढी झाली होती, पण बसण्याची तऱ्हा तीच. आणि खऱ्या तिकिटावर जिथं किंमत छापतात तिथं मी बारीक अक्षरांत लिहिलं: एक भेट.

मायनं ते उजेडात धरून पाहिलं. "मी एवढी म्हातारी दिसतो का रे?" म्हणाली, आणि पुन्हा पाहिलं.

कार्ड पाकिटात घातलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पाकिटात घातलेली कला कोण पाहणार? मी ते उघडंच, घडी दोऱ्यानं बांधून, मागं पत्ता लिहून टपालघरात नेलं. उजवा कोपरा आमच्या तिकिटानं अडवलेला असल्यामुळं सरकारी तिकीट डाव्या बाजूला लावलं होतं.

आमचे टपालमास्तर भगवानराव नियमाचे माणूस. त्यांनी कार्ड पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मास्तर, हे काय?"

"शोभेचं तिकीट आहे. सरकारी तिकीट पलीकडं लावलंय."

"ते दिसून राह्यलं. पण सरकारच्या जागेवर तुमची माय बसली हाये."

मी म्हणालो, बसू द्या, म्हातारी आहे. त्यांना विनोद रुचला नाही. टपालाच्या तिकिटासारखं दिसणारं काहीही टपालावर लावणं हा गुन्हा कसा होतो, उद्या कुणी पंचवीस मायांची चित्रं काढून पार्सल धाडलं तर टपालखातं कसं बुडेल, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं. मी त्यांना कलेबद्दल सांगितलं. रांगेतल्या माणसांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली. भगवानराव वाईट माणूस नव्हते. शेवटी ते म्हणाले, की हे वर विचारून घ्यावं लागेल, वरून उत्तर येईपर्यंत संक्रांत काय, होळीही होऊन जाईल. त्यापेक्षा तेवढं काढून द्या. मी नखानं काढायला गेलो. लाडवाचा डिंक तो, सुटेना.

माझा स्वाभिमान दुखावला होता. मी म्हणालो, "मग कापा." त्यांनी थैलीची सुतळी कापायची कात्री घेतली आणि कार्डाचा कोपरा तिकिटासकट सफाईनं उडवला. तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "ही तुमची मिळकत." कार्डावर ठप्पा पडला, कार्ड थैलीत गेलं. मी ताठ मानेनं घरी आलो आणि मायच्या पुढं मूठ उघडली. "बघ," म्हणालो, "माझ्या कलेचा गळा कसा कापलाय तो."

मायनं तिकीट पाहिलं नाही. तिनं त्याच्या मागचा कागद पाहिला.

"हा कोपरा होय? कार्डाचा?"

"हो."

माय खाली बसली. "बाबू," ती म्हणाली, "कोपरा फाडलेलं पत्र कोणाच्या घरी कवा जाते?"

आमच्याकडं लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतात, हे पोरंसोरंही जाणतात. आणि ज्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, ते पत्र कुणी घरात नेत नाही. अंगणातच कळून जातं, की माणूस गेलं. तेही पोरंसोरं जाणतात. नव्हतं सुचलं ते फक्त भगवानरावांना आणि मला, कारण आम्ही दोघं नियम आणि कला यांवर बोलत होतो.

मी धावत टपालघरात गेलो. थैलीला लाख लागून ती एसटीवर चढली होती. भगवानरावांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचाही चेहरा पडला. पण एकदा लाख लागलेली थैली फोडायची तर त्यालाही वरून विचारावं लागतं. पुंजाजी म्हणाला, तार करा, तार पत्राच्या आधी पोचते. तार करायला देऊळगाव राजाला जावं लागे. पुंजाजी माझ्या सोबतीला आला, बहुधा पुढं काय होतं ते पाहायला.

तारेच्या खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "कोणी वारलं का बिमार हाये?"

"कोणी वारलं नाही."

"मंग?"

"तेच कळवायचंय. कोणी वारलं नाही म्हणून."

त्यानं मान वर केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ही तार त्याच्याकडं पहिल्यांदाच आली होती. मी मजकूर लिहायला घेतला: "कोणी मेलेलं नाही." पुंजाजीनं माझा हात धरला. "सणासुदीले लेकीच्या घरी मेलं-बिलं काऊन लिहिता, मास्तर? चांगल्या शब्दात लिवा." ते मला पटलं. मी खोडून लिहिलं: "सगळे खुशाल. पत्राकडे लक्ष देऊ नये." बाबूनं त्याचं इंग्रजी केलं, आणि मी निश्चिंत मनानं घरी येऊन पोटभर जेवलो.

सोनाळ्याला काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तार घेऊन माणूस आलेला दिसला तेव्हाच उकंडरावांच्या अंगणात बायका जमल्या. वाचण्याआधीच दोघींनी तोंडाला पदर लावला. मग कुणीतरी शिकलेला बोलावून तार वाचून घेतली. सगळे खुशाल. गावातल्या जाणत्यांनी विचार केला, की खुशाल आहेत तर खुशाल माणसं तार कशाला करतील? आपल्याकडं कुणी गेलं तर लेकीला कधी खरं कळवतात का? बरं नाही, भेटून जा, असंच कळवतात. इथं तर बरं नाही एवढंही म्हणवलं नाही, म्हणजे गोष्ट केवढी मोठी! दुसऱ्या दिवशी पत्र आलं. त्याला कोपरा नव्हता. कोकिळेचा नवरा निवृत्ती यानं अंगणात उभं राहून वाचलं: "माय वाट पाहते. यंदा तरी ये." लगेच निघायची तयारी झाली. कापूस शेतात होता तसा राहिला.

भोगीचा दिवस. माय चुलीपुढं तीळ लावलेल्या भाकरी थापत होती. सिंधू विहिरीवर गेली होती. मी दाराआड बसून बोटांचा वाळलेला डिंक खरवडत होतो. संध्याकाळची एसटी थांबल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ गल्लीच्या तोंडाशी हेल काढून रडणं सुरू झालं. आवाज ओळखीचा होता.

आमच्याकडच्या बायका नुसतं रडत नाहीत, रडण्यात माणूस उभं करतात. कोकिळेला गेलं कोण ते ठाऊक नव्हतं. म्हणून ती दोघांनाही रडत होती, एक हेल मायच्या नावाचा, एक माझ्या. माझ्या नावाचा हेल आला तेव्हा मी उठायला हवं होतं हे मला कळतं. पण ती सांगत होती, "माह्या भावाचं अक्षर मोत्यावानी वं बाई, माहा भाऊ मले खांद्यावर बसवून जत्रा दाखवे वं बाई, त्यानं कोण्या लेकराले छडी मारली नाही वं बाई..." छडीचं तितकंसं खरं नव्हतं. तरी माझे पाय उठेनात. जिवंतपणी आपल्याबद्दल इतकं चांगलं कोण ऐकतं? डोळे पुसत बसलो, आणि बोटांवरचा डिंक पापणीला लागला.

त्यामुळं कोकिळा उंबऱ्यात आली तेव्हा तिच्या पुढं एक डोळा मिटलेला भाऊ उभा होता.

तिचा हेल मध्येच तुटला. मागं उकंडराव होते. व्याह्याच्या दारी दुःखाला आलेल्या माणसाच्या रीतीनं त्यांनी फेटा काढून हातात धरला होता.

"मंग गेलं कोण?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"नाही, मामा."

एवढ्या दुरून आलेल्या माणसाला हे सांगताना मला खरंच ओशाळल्यासारखं झालं. उकंडरावांनी हळूहळू फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळला. त्यांच्या पिशवीत दुखवट्याचे कपडे होते, मायसाठी लुगडं आणि माझ्यासाठी टोपी. दोघांतलं जे उरेल त्याला द्यायचं म्हणून दोन्ही आणलं होतं. दोघंही उरल्यामुळं दोन्ही द्यावं लागलं. ती टोपी मी पुढं बरीच वर्षं वापरली.

कोकिळेनं आधी मला दंडावर दोन बुक्के मारले. तेवढ्यात माय पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. ती रडली नाही, हसली नाही. तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, गालाला पीठ लागलं. "बारीक झाली," म्हणाली. मग उकंडरावांकडं वळून, पदर सारखा करून, हळूच बोलली, "व्याहीबुवा, कोणी मेल्याबिगर माही लेक येनार नव्हती काय?"

उकंडराव ओट्यावर टेकले. पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला ठेवला.

"विहीणबाई, तुमच्या घरून दरसाली कागद येते. माणूस येत नाही. कागदाच्या हाती कोणी सून देते काय?"

"पण तुम्हीच लिहायचे ना," मी म्हणालो, "कापूस घरात येऊ द्या म्हणून?"

"कापूस तं दरसालीच येते, मास्तर. ते म्हनाची रीत हाये. भाऊ दारी येऊन उभा राह्यला असता तं मी काय त्याले कापूस दाखवला असता?"

सिंधू विहिरीवरून घागर घेऊन आली होती. सगळं ऐकून तिनं घागर माझ्या पुढ्यात जरा जोरातच ठेवली.

उकंडराव दुसऱ्या दिवशी परतले, पण सुनेला ठेवून गेले. संक्रांतीला झुंबरबाईनं वाण आणलं. शेळीही सोबत आली, आणि कोकिळेच्या हातातलं कार्ड बघून आशेनं ओरडली. असलं पत्र फाडून टाकायचं असतं, पण कोकिळेनं ते चोळीत जपून आणलं होतं. उकंडरावही जाता जाता काठाकडं बघून म्हणाले होते, "हे तं बैलाच्या शिंगाची बेगड होय," आणि त्यात निंदा नव्हती.

मायनं देव्हाऱ्यातून कापलेला कोपरा काढून दिला. कोकिळेनं तो कार्डाला जुळवला, कड कडेशी नीट बसली. तिनं चित्रातली माय पाहिली, मग खालची किंमत वाचली. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर तिचा आवाज आला. मी अंथरुणात जागाच होतो.

सोनाळ्याच्या वाटे बाई, किती वढे किती नाले,
भाऊ माहा कागदाचा, त्याले पाय नाही आले.

जात्याची घरघर थांबेपर्यंत मी कूस बदलली नाही.

निवृत्ती न्यायला आला तेव्हा तिनं कार्ड बोचक्यात घातलं. कोपरा मात्र मायच्या हातात परत दिला. एसटीच्या पायरीवरून मला म्हणाली, "भाऊ, हा तुकडा टपालात टाकू नको. घेऊन ये."

गाडी गेली. माय ओट्यावर धुरळा बसेपर्यंत उभी होती.

पुढच्या पौषात मी मुख्याध्यापकांकडं रजा मागायला गेलो. कारण काय, असं त्यांनी विचारलं. टपाल पोचवायचं आहे, असं मी सांगितलं. मायनं तो कोपरा माझ्या सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून हातानं दाबला, डिंक लावून चिकटवतात तसा.

शेगावला गाडी बदलून, धुळीनं पांढरा होऊन मी सोनाळ्याला उकंडरावांच्या अंगणात उभा राहिलो. कोकिळा तुरी पाखडत होती. तिनं मला पाहिलं आणि सूप हातातून सुटलं. बिनापत्राचा भाऊ दारात आला म्हणजे काय, तेही सगळे जाणतात. तिनं श्वास आत ओढलेला मी पाहिला. "सगळे खुशाल" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी वेळेवर गिळले. खिशातून कोपरा काढला आणि तळहातावर धरला.

ती घरात गेली. कार्ड घेऊन बाहेर आली. कोपरा जुळवून पाहिला, किंमत वाचली, मग माझ्याकडं डोक्यापासून धुळकट पायांपर्यंत पाहिलं. पायांवर जरा जास्तच वेळ. तुरी अंगणभर सांडल्या होत्या, त्या तशाच ठेवून तिनं आत सासूला हाक दिली.

"आत्याबाई, मले न्यायले माणूस आलं."